नकुशी घोंगडीचं बारसं

एक ट्रॉली मुरूम पुरेल, असं मल्हारचं म्हणणं होतं. त्याचा बाप खंडू म्हणत होता, दीड लागेल, खाली माती दबते. दोघं ओट्यावर बसून हे इतक्या शांतपणे बोलत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, शेताच्या वाटेवरचा एखादा खड्डा बुजवायचा असेल. पण खड्डा घरातला होता, मागाचा होता. त्यात पाय सोडून खंडूनं पन्नास वर्षं घोंगडी विणली होती. आता त्यावर फरशी टाकून मल्हार मोबाईलच्या रिचार्जचं दुकान काढणार होता. खोलीचं तोंड रस्त्याकडं होतं. आणि खुटबावात त्या साली, म्हणजे दोन हजार पाच साली, घोंगडीवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. रिचार्जवाचून मात्र माणसं तडफडत होती.

खंडूचा धाकटा भाऊ गेणबा उंबऱ्यात बसून हे ऐकत होता. तो सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअरला सव्वीस वर्षं काढून घरी आला होता. कंपनीनं निरोपाला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं होतं आणि त्यानंतर वेळ कसा घालवायचा हा प्रश्न त्याच्यापुढं होता. पण नुसतं तेवढंच नव्हतं. माग दोघा भावांचा होता. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावायला दोन माणसं लागतात. गेणबा नोकरीला गेला त्या दिवसापासून खंडूनं ताण्याचं दुसरं टोक भिंतीतल्या खुंटीला बांधलं होतं. सव्वीस वर्षं त्या खुंटीनं गेणबाचं काम केलं, आणि पगार मात्र गेणबानं घेतला. खंडू यावर एक अक्षर कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

"दादा," गेणबा एकदम म्हणाला, "खड्डा बुजवू नगंस. गिऱ्हाईक मी आणतो."

"कुठनं?"

"इंटरनेटवरनं."

हा शब्द त्याला येऊन चारच दिवस झाले होते. मल्हार हसला. खंडू हसला नाही, कारण तो हसायचाच नाही. त्यानं विचारलं, "कवा?"

"खंडेनवमीपत्तुर."

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा होते, मागाचीही होते. खंडूनं थोडा वेळ मागाकडं पाहिलं आणि म्हणाला, "एक आण. जास्ती नगं. एक गिऱ्हाईक आण, खड्डा ऱ्हाईल."

ओट्यावर तेव्हा शेजारचे हौसरावही होते. हौसराव भावकीतले, वयानं थोर, आणि कुणाच्याही घरात कुणीही शब्द दिला की तो नेमका ऐकायला हजर असणारे. त्यामुळं गेणबाचा शब्द तासाभरात गावभर झाला आणि त्याला माघार घ्यायला जागा उरली नाही.

गेणबाला इंटरनेट सांगणारा महेंद्र शिरूरच्या एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. महेंद्रचे वडील बबनराव गेणबाबरोबर स्टोअरला होते. रॅकवरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून बबनरावांनी जेवणाच्या सुट्टीत गेणबाला तिशीत अक्षरं शिकवली होती. तेव्हा ज्या घरानं 'ग' शिकवला त्या घरावर गेणबाचा पूर्ण विश्वास होता. चौफुल्यावरून जीप, न्हावऱ्यात बदल, अशी मजल करत तो शिरूरला गेला.

"मामा, सोपं हाय," महेंद्र म्हणाला. "फोटो काढू, भाव टाकू, लोकं बघतील, फोन करतील. पण आधी दुकानाला नाव घ्यावं लागतं. ते नाव जगात दुसऱ्या कुणाचं नसलं पायजे."

"जगात?"

"जगात."

गेणबा काळजीत पडला. एकट्या खुटबावात चार गेणबा होते.

"आन् नावात जागा सोडायची न्हाई, श्री लावायचा न्हाई. छोटं, सुटसुटीत. पैसे डीडीनं पुण्याला पाठवू. डीडी हातात आला की पाच मिनटाचं काम. वर्षाचं असतं ते."

शेवटचं वाक्य गेणबाच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही. तो जगातल्या गेणबांचा विचार करत होता.

नावाची गोष्ट गावात कळली आणि ओट्यावर माणसं वाढली. घोंगडी घ्यायला इतकी माणसं आली असती तर इंटरनेटची गरजच नव्हती. रिटायर गुरुजींनी एक नाव सुचवलं, ते लिहायला पाटीची दोन्ही अंगं लागली. एकानं देवाचं सुचवलं. दुसरा म्हणाला, देवाचं नको, लोक घोंगडीवर पाय ठेवतात. हौसरावांनी घसा साफ करून सांगितलं, "भावकीतल्या सगळ्या थोरांची नावं वळीनं घाला. लग्नाच्या पत्रिकंत असत्यात तशी. म्हंजी कुणाला रुसायला जागा न्हाई." महेंद्रनं नावं छोटी हवीत म्हणून सांगितलंय, असं गेणबानं म्हटल्यावर हौसराव म्हणाले, "मग निदान आमचं तरी."

गेणबाची बायको गिताबाई आतून म्हणाली, "आधी गिऱ्हाईक तर येऊ द्या, मग त्याला इचारून ठेवा नाव." शहाण्या बोलण्याकडं लक्ष द्यायचं नाही, हा नियम ओट्यावर सगळेच पाळत असल्यामुळं ती गोष्ट तिथंच राहिली.

चौथ्या दिवशी खंडू बोलला. "आपल्यात नाव आत्या ठेवती."

दुकान दोघा भावांचं, म्हणजे दुकानाची आत्या त्यांची धाकटी बहीण सिंधूबाई. ती दिली होती भांडगावला, जीपनं अर्ध्या तासावर, आणि सहा वर्षांत तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. मल्हारच्या लग्नाच्या पत्रिकेत तिच्या नवऱ्याचं नाव छापायचं राहिलं होतं. छापखान्याची चूक होती, पण छापखान्यावर रुसून काय मिळतं? ती भावांवर रुसली.

गेणबा भांडगावला तीनदा गेला. पहिल्या खेपेला सिंधूबाई त्याच्याशी बोललीच नाही. ती म्हशीशी बोलली. "म्हशे, त्यांना म्हणावं पानी घागरीत हाय, हातानं घ्या." गेणबानं हातानं पाणी घेतलं, म्हशीला राम राम केला आणि परत आला. दुसऱ्या खेपेला चहा मिळाला, पण बशीशिवाय. तिसऱ्या खेपेला तिनं शेणाचे हात धुतले, पदर सावरला आणि भिंतीकडं बघत विचारलं, "काय जलमलंय म्हणं?"

"दुकान."

"पोरगा का पोरगी?"

"दुकान हाय गं ते, सिंधे."

"दादानं सांगितलं का मला बोलवायला?"

"दादानंच सांगितलं."

सिंधूबाईनं भिंतीकडची मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "रीतीनं बारसं करायचं. पाळणा बांधायचा. नाव मी पाळण्यातच सांगंन, त्याच्या आधी कुणाला न्हाई. त्या काम्प्युटरला बी न्हाई."

म्हणून आषाढात आधीच उशीर झालेला असताना घरात पाळणा बांधला गेला. पाळण्यात काय घालायचं यावर बायकांत वाद झाला. दुकान तर घालता येत नव्हतं. शेवटी खंडू आत गेला आणि मागावरून नुकतंच उतरलेलं आठ हाती काळं घोंगडं घेऊन आला. पांढरी किनार होती. चिंचोक्याच्या खळीचा वास अजून गेला नव्हता. त्यानं घोंगड्याची नीट घडी घातली आणि तान्ह्या पोराला ठेवावं तसं दोन्ही हातांनी पाळण्यात ठेवलं. कुणी हसलं नाही.

सिंधूबाई वाकली, घोंगड्याच्या घडीत तोंड घालून कुजबुजली. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत गुद्दे घालायची रीत आहे. भावजयांनी ती रीत सहा वर्षांच्या हिशेबानं पाळली. सिंधूबाई पाठ चोळत उठली आणि चाळीस माणसांसमोर मोठ्यानं म्हणाली, "नकुशी घोंगडी."

नकुशी त्यांच्या आईचं नाव. चौथी मुलगी झाली म्हणून आजोबांनी ठेवलेलं. तिच्यानंतर मुलगा झाला, नावानं आपलं काम केलं, पण मग ते बदलायची आठवण कुणाला राहिली नाही. तिनं जन्मभर लोकर पिंजली आणि सूत कातलं. गावात कुणाच्या अंगावर खंडूची घोंगडी असेल तर त्यातलं सूत तिचं होतं, आणि तिचं नाव मात्र मतदारयादी आणि मृत्यूच्या दाखल्याखेरीज कुठंच कुणी लिहिलं नव्हतं.

खंडू उठला, मागापाशी गेला आणि खड्ड्यात पाय सोडून पाठमोरा बसून राहिला. बाहेर घुगऱ्या वाटल्या गेल्या. हौसरावांनी दोनदा घेतल्या, आणि सगळ्यांत आधी तेच घाईघाईनं निघून गेले. पाहुण्यांना टोपी-उपरणं द्यायची वेळ आली तेव्हा ते जागेवर नव्हते, म्हणून त्यांना द्यायची टोपी घरातच राहिली. ही टोपी लक्षात ठेवावी. गेणबानं ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गेणबानं बूथवरून महेंद्रला फोन केला.

"नकुशी?" महेंद्र म्हणाला. "मामा, नकुशी म्हंजी नको असलेली. दुकानाला?"

"आईचं नाव हाय."

पलीकडं कॉम्प्युटरची बटणं वाजली. "मग ऱ्हाऊ द्या. आजीचं नाव लागंल. आन् एक बरं हाय, मी आत्ताच बघितलं, जगात कुणी घेतलेलं न्हाई. कोण घेतंय हे नाव? तुम्ही निवांत डीडी काढा."

निवांत या शब्दानं गेणबाचं वाटोळं केलं. तो निवांत केडगावच्या बँकेत गेला. तिथल्या साहेबांनी फॉर्म पाहिला आणि विचारलं, "डीडी कशासाठी?"

"नाव घ्यायचंय."

"कुणाचं?"

"आईचं."

साहेबांनी चष्मा काढला. आईचं नाव लावायचे नवे नियम निघाल्याचं त्यांनी ऐकलं होतं, पण नेमके कुठले ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही त्याला दौंडला पाठवायचं हा त्यांचा जुना नियम होता. "दौंडला तहसीलला जा. प्रतिज्ञापत्र आणा. मग बघू."

पुण्याच्या एका कंपनीला पैसे पाठवायला दौंडचं प्रतिज्ञापत्र कशाला, हे विचारायचं गेणबाच्या जिभेवर आलं होतं. पण सव्वीस वर्षं स्टोअरला त्यानं स्वतःच माणसांना सहीशिवाय एक बोल्टसुद्धा दिला नव्हता. कागद मागणाऱ्या माणसाबद्दल त्याला आदर होता. तो दौंडला गेला.

दौंडला पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला होते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण शिक्का मीटिंगला गेला होता. स्टँप लिहिणाऱ्यानं विचारलं, "आई हयात का मयत?" मयत म्हटल्यावर दाखला. दाखल्यावर नाव 'नकुसाबाई'. मग दोन्ही नावांची एकच बाई होती असं सांगणारे दोन साक्षीदार. तिसऱ्या दिवशी कागद झाला. 'माझ्या मातोश्रींचे नाव वापरण्यास कोणाही वारसाची हरकत नाही.' गेणबानं तो जीपमध्ये चारदा वाचला. आईचं नाव इतक्या चांगल्या अक्षरात त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

बँकेतल्या साहेबांनी प्रतिज्ञापत्राकडं पाहिलंसुद्धा नाही. जागेवर दुसरेच साहेब होते. "याची काय गरज?" म्हणाले आणि डीडी दिला.

सहाव्या दिवशी गेणबा डीडी घेऊन शिरूरला पोचला. महेंद्रनं बटणं दाबली, थांबला, पुन्हा दाबली.

"मामा, नाव गेलं."

"कुठं गेलं?"

"कुणीतरी घेतलं. पाच दिवस झाले. पुण्याच्या कुठल्या कंपनीनं."

जे नाव त्या बाईला स्वतःला नको होतं, तिच्या बापाला नको होतं, ज्या नावानं तिला हाक मारताना सासरचे ओशाळायचे, ते नाव जगात कुणालातरी हवं झालं होतं आणि ते नेमकं त्याच आठवड्यात. गेणबानं पुण्याच्या कंपनीला फोन लावला. एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं, कस्टमरचं नाव सांगता येत नाही. त्यानं रजिस्टर पत्र पाठवलं. ते 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन, त्याच्यापेक्षा जास्त प्रवास करून परत आलं.

"शेवटी एक आकडा लावू, नकुशी घोंगडी वन," महेंद्र म्हणाला. "न्हाईतर दुसरं शेपूट लावू."

गेणबानं हे घरी सांगितलं. सिंधूबाईनं भांडगावाहून निरोप पाठवला, की तिच्या आईला शेपूट लावायचं असेल तर तिला पुन्हा बोलवू नये. खंडू म्हणाला, "पाळण्यात नाव ठेवल्यावर बदलत्यात का?" पण त्यानं एक गोष्ट केली. "सिंधी ह्या घरात आली," तो म्हणाला. "तेवढ्यावर एक साल वाढवून देतो. फुडच्या खंडेनवमीपत्तुर."

ते साल कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. ओट्यावर तर्क चालायचे. गुरुजींचं मत पडलं की थंड देशातल्या लोकांनी नाव घेतलं असणार. तिकडं घोंगडीला मागणी असणार. गेणबा रात्रंदिवस त्या परक्या नकुशीचा विचार करायचा. दर महिन्याला शिरूरला जायचा, महेंद्रला पान उघडायला लावायचा. पान पांढरं असायचं. "काही ठेवलं न्हाई वं त्यांनी," महेंद्र म्हणायचा. "घेऊन नुसतं बसल्यात." दिवाळीनंतर गेणबानं जाणं सोडलं. कोण घेतंय हे नाव, असं महेंद्र म्हणाला होता, ते त्याच्या मनात कुसळासारखं राहिलं होतं. तो महेंद्रवर रुसला. आपल्या घराण्यात रुसवा किती टिकतो हे त्याला ठाऊक असायला हवं होतं.

खंडू विणायचा थांबला. लोकर संपली आणि नवी आणली नाही. मल्हारनं फरशीचे भाव काढून ठेवले.

पुढच्या जूनमध्ये गिताबाई गिरणीवरून दळण घेऊन आली ती पीठ न उतरवताच उंबऱ्यात उभी राहिली. गिरणीवर हौसरावांची अनसाबाई भेटली होती आणि तिनं चार बायकांत ऐकवलं होतं, "आमच्या ह्यांनी बारशाला एवढा सोन्यासारखा आहेर केला, आन् ह्या लोकांनी साधी टोपी दिली न्हाई."

"कसला आहेर?" गेणबानं विचारलं.

"नाव," गिताबाई म्हणाली. "नाव त्यांनी घेऊन ठिवलंय."

गेणबा चप्पल न घालता हौसरावांकडं गेला. हौसराव झोपाळ्यावर होते. त्यांनी नाकारलं नाही. उलट त्यांचे डोळे भरून आले. बारशाच्या दिवशी नाव ऐकल्याबरोबर ते घाईनं उठले ते याचसाठी. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या भाच्याला त्यांनी फोन करून सांगितलं, पैसे लागतील ते मी देतो, हे नाव उद्याच्या उद्या घे, आमच्या भावकीत बारसं आहे. सगळे झबली-टोपडी देतात. आपण लेकराला त्याचं नावच द्यायचं. नाव मिळाल्यापासून ते आहेराच्या मानाची वाट बघत बसले. टोपी घेऊन कुणीतरी येईल, मग ताटात घालून भाच्यानं पाठवलेला कागद देऊ. कुणी आलं नाही. वर्ष गेलं.

"आप्पा, एक शब्द बोलायचा व्हता!" गेणबा ओरडला.

"आहेर करनारा माणूस बोलून दाखवतो व्हय? आन् तुला एकदा तरी वाटलं का, हौसरावाची टोपी ऱ्हायली?"

ते खरं होतं. त्यानं माफी मागितली. टोपी, उपरणं, नारळ आणतो म्हणाला. "आत्ता कागद द्या, आप्पा."

"आत्ता? असा? पिशवीत घालून? आहेर हाय तो." हौसरावांनी पंचांग काढलं. "आता आखाड लागतोय. बारशाच्या दिवशीचं येगळं, एरवी आखाडात आहेर देत न्हाईत. श्रावणात माझं अनुष्ठान. गौरी-जेवनाच्या दिवशी देतो, चार मानसांत. खंडेनवमी त्याच्या म्हैनाभर पुढं हाय, घाई कसली?"

कागद ट्रंकेत होता. भाचा तोवर नोकरीसाठी मस्कतला गेला होता. हौसरावांचा मान राखायचा म्हणून गेणबानं आखाड काढला, श्रावण काढला. महेंद्रला कळवलं नाही. ताटातला कागद एकदम त्याच्यापुढं धरायचा आणि म्हणायचं, कोण घेतंय म्हणत होतास ना?

गौरी-जेवणाला सिंधूबाई आली. महेंद्रलाही बोलावलं होतं. हौसरावांना पाटावर बसवून टोपी घातली, उपरणं दिलं, नारळ दिला. टोपी जरा लहान झाली, पण त्यांनी ती तशीच राहू दिली. त्यांनी पितळी ताट पुढं केलं. ताटात तांदूळ, तांदळावर सुपारी, सुपारीखाली घडी केलेला कागद. घडीवर हळदकुंकू. गेणबानं तो दोन्ही हातांनी घेतला, खंडूच्या पायांना लावला आणि महेंद्रकडं दिला. "वाच."

महेंद्रनं हळद झटकली आणि वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, जसं माणूस वाईट तार वाचतो.

"मामा," तो हळू म्हणाला, "हे वर्षाचं असतं. मी म्हनलो व्हतो. मुदत संपून दीड म्हैना झाला."

"मग पुन्हा पैसे भरू."

"दीड म्हैना झाला की अडकतं ते. सोडवायचं तर दंड हाय, पाच हजाराच्या घरात, आन् तो बी ज्याच्या नावावर त्यानंच भरायचा. भाचा मस्कतला. न्हाईतर आपोआप सुटंपत्तुर थांबायचं. सुटंल दसऱ्याच्या दोन-तीन दिस पुढं."

दसऱ्याच्या पुढं म्हणजे खंडेनवमीच्या पुढं. सगळ्यांनी खंडूकडं पाहिलं.

"आहेर बी मीच करायचा आन् दंड बी मीच?" हौसराव लहान टोपीखालून पुटपुटले. पुरणपोळ्या वाढल्या होत्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या. अन्न टाकायचं नाही म्हणून.

खंडेनवमीला खंडूनं मागाला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. खड्ड्यात उतरून चारी बाजूंना हळदकुंकू लावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॉली आली. एक पुरली नाही. दीड लागली.

त्यानंतर दोन दिवसांनी महेंद्रचा फोन आला. "मामा, नाव सुटलं! घेऊ का?"

"कशाला?" गेणबा म्हणाला. नाव पुन्हा कुणालाच नको होतं.

पण खंडूनं एका बाबतीत कुणाचं ऐकलं नाही. मल्हारला पाटीवर 'मल्हार मोबाईल' लिहायचं होतं. खंडू म्हणाला, "त्या जाग्याला नाव ठिवलंय. पाळना बांधून ठिवलंय. तेच लागंल." म्हणून पेंटरनं वर मोठ्या अक्षरात 'नकुशी घोंगडी' लिहिलं आणि खाली बारीक, 'सर्व कंपन्यांचे रिचार्ज मिळतील'. आपलं नाव अखेर पाटीवर लागलं, हे बघायला नकुशी नव्हती, आणि पाटीखाली घोंगडी नव्हती. त्यामुळं कुणाचीच तक्रार आली नाही.

डिसेंबरात एका सकाळी रस्ता चुकलेली पुण्याची गाडी दुकानापुढं थांबली. गेणबा आणि खंडू बाहेर बाकावर उन्हाला बसले होते. एक गृहस्थ उतरला, पाटीकडं बघत राहिला आणि आनंदानं म्हणाला, "काका, खरी घोंगडी मिळते इथं? हातमागाची? वडिलांसाठी वर्षभर शोधतोय. इंटरनेटवरसुद्धा शोधली. कुठंच नाही."

गेणबा उठला, आत गेला. फडताळात कपड्यात गुंडाळून ठेवलेलं ते आठ हाती काळं घोंगडं घेऊन आला. घरात तेवढं एकच उरलं होतं. गृहस्थानं किनारीवरून हात फिरवला, नाकाला लावलं. "हीच! किती द्यायचे?"

"ते न्हाई द्यायचं," खंडू बाकावरून म्हणाला.

"किंमत सांगा हो. मी घासाघीस करणार नाही."

"किमतीचं न्हाई. बारशाचं हाय ते. पाळण्यात घातल्यालं, कानात नाव सांगितल्यालं." खंडूनं घोंगडं त्याच्या हातातून अलगद काढून मांडीवर घेतलं. "लेकरू कसं इकायचं?"

गृहस्थानं गेणबाकडं पाहिलं. गेणबानं फरशीकडं पाहिलं.

"मग एक विणून द्याल? दोन महिने लागले तरी चालेल. ॲडव्हान्स देतो."

खंडूनं उंबऱ्याच्या आत पाय लांबवून टाचेनं फरशीवर दोनदा ठोकलं. आवाज भरीव आला. "दीड ट्रॉली मुरूम हाय खाली," तो म्हणाला.

गृहस्थाला ते समजलं नाही. थोडा वेळ उभं राहून, इतकं थांबलोच आहोत तर म्हणून त्यानं मल्हारकडून पन्नासचा रिचार्ज मारून घेतला, हमरस्त्याची वाट विचारली आणि गेला. धूळ खाली बसेपर्यंत दोघे भाऊ त्या दिशेला बघत राहिले.

"गेण्या," खंडू म्हणाला.

"हं."

"एक गिऱ्हाईक आणतो म्हनला व्हतास."

"व्हय."

"आणलंस बाबा. शब्द पाळलास."

खंडूच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गेणबाला रागानं उठून घरी तरी जाता आलं असतं. खंडूनं घोंगड्याची घडी मोडली आणि एक टोक गेणबाच्या हातात दिलं. दोघांनी दोन्हीकडून धरून ते ताणलं, झटकलं, आणि पुन्हा घडी घालायला घेतलं. इतक्या वर्षांनी ताण्याच्या दुसऱ्या टोकाला गेणबा होता.

"नीट धर," खंडू म्हणाला. "सैल सोडतोयस."